४१ टक्के

पोह्यांवर शेव पडायची होती, तेवढ्यात भाचा ओरडला, "मामा, तुमचा विन रेट ४१च?"

रविवारची सकाळ, इंदूर, राजवाड्याजवळचा ठेला. निम्म्या गर्दीने वळून पाहिलं. उरलेल्यांची तोंडं जिलबीत होती.

घरचे झोपले की मी फोनवर पाच विरुद्ध पाचचा एक खेळ खेळतो. वय ४३. सामने ६३, विजय २६. हे सगळं कार्ट्याने माझ्याच फोनमधून वाचलं.

शेजारी स्टीलचा डबा घेऊन उभे असलेले आजोबा पुढे सरकले. निवृत्त वकील. तसं त्यांनी सांगितलं नाही, पहिल्याच प्रश्नावरून कळलं.

"किती केसेस हरलात?"

"केसेस नाहीत काका, गेम आहे. सदतीस."

"बरोबरचे चौघे कोण नेमतं?"

"मशीन."

"म्हणजे सरकारी वकील. वाटलंच. वर्तणूक?"

इतक्या आपुलकीने मला घरात कोणी विचारत नाही. मी भडाभडा सांगितलं. काल रात्री एकजण "मम्मी बुला रही है" म्हणून गेला तो गेलाच. दुसऱ्याच्या माईकमधून कुकरच्या शिट्ट्या. तिसरा एकटाच शत्रूच्या गोटात धावायचा, मरायचा आणि आम्हालाच शिव्या घालायचा. चौथा बरा होता, पण त्याचं नेट गेलं.

काकांनी मान डोलावली. "त्रेसष्टही वेळा हेच चौघे?"

"छे, दर वेळी नवे."

"मग दर वेळी घटनास्थळी हजर असलेला इसम कोण?"

मी पोह्यांकडे पाहिलं. "मी."

"आरोपीला कबूल आहे. लिहून घ्या," ते पोहेवाल्याला म्हणाले. "सही है भिया," म्हणत त्याने माझ्या प्लेटवर जीरावण मसाला भुरभुरवला. जखमेवरच, असं मला वाटलं.

आता हे काही मला कळत नाही असं नाही. दहा खेळाडूंत मी एक. एका सामन्यावरून काही ठरत नाही, पण शेकडो सामन्यांत चांगले-वाईट भिडू दोन्हीकडे सारखेच वाटले जातात आणि उरतो तो मीच. पण माझे ६३च झालेत! नुसतं नाणं ६३ वेळा उडवलं तरी साधारण दहातल्या एकाला २६ किंवा त्याहून कमीच छाप मिळतात. आणि मशीन तर तोडीस तोड गाठूनच जोड्या लावतं, म्हणजे जगज्जेता आणि गल्लीतला नग दोघंही पन्नासच्या आसपास घुटमळणार. अशी तोड मोजायला खेळाडूंना गुण लावायची पद्धत आर्पाद एलो या प्राध्यापकांनी बसवली ती बुद्धिबळासाठी. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती १९७० साली स्वीकारली. बुद्धिबळात आपला घोडा मधेच जेवायला जात नाही.

यातलं एक अक्षर तेव्हा सुचलं नाही. सुचले ते क्रिकेटचे सी. के. नायडू.

"काका, नायडू सात कसोट्या खेळले. त्यांतल्या चारांत कर्णधार. भारत किती जिंकला? शून्य! पुढे तेच नायडू होळकर संघात आले आणि आपल्या इंदूरने चारदा रणजी नेली. संघ, काका, संघ!"

ठेला शांत झाला. काकांनी डब्याचं झाकण लावलं.

"नायडूंशी तुलना करताना," ते म्हणाले, "निदान हातातली जिलबी खाली ठेवा."

गर्दी हसली. भाचा सगळ्यांत मोठ्याने. त्याच्या पोह्यांचे पैसे मी दिले होते, हे नमूद करतो. काकांच्या जिलबीचेही, कारण निघताना त्यांनी ठेल्याकडे बोट दाखवून "सल्ल्याची फी" एवढंच म्हटलं.

रात्री इरेला पेटून चौसष्टावा सामना खेळलो. सतरा वेळा मेलो. एकालाही मारलं नाही. एकदा तर स्वतःच्याच तळावर रस्ता चुकलो. उरलेल्या चौघांनी, कोण कुठले देव जाणे, सामना जिंकला.

पाचव्या मिनिटाला भाच्याचा मेसेज: "मामा, ४२!! सुधारताय."

मी अंगठा पाठवला.