कोपरखैरणेकरांना: ॲपची बाजू ऐकली, आता माझीही ऐका

नमस्कार कोपरखैरणेकर,

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. पहिलं उत्तर रागाच्या भरात लिहिलं आणि खोडलं. हे दुसरं. मधल्या चार दिवसांत तुम्ही जोडलेलं रेकॉर्डिंग सहा-सात वेळा ऐकलं, दोनदा नीट कान लावून. उत्तर लांबलंय ते त्यामुळे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. गेल्या महिन्यात मी लिहिलं होतं की सूर दाखवणारी ॲप समोर ठेवून रियाज करू नका, पेटीही बंद करा, तंबोऱ्यावर गा, कारण पेटीचा गांधार, म्हणजे 'ग' हा स्वर, मुळातच चढा असतो. त्यावर तुमचं म्हणणं असं: "मी 52 वर्षांचा आहे. बारा वर्षं गुरूपाशी बसायला मला वेळ नाही. आठ महिने ॲपसमोर गातोय, आधी रेघ नागमोडी जायची, आता बहुतेक हिरवी येते. कॅराओके ग्रुपमधले लोकही सांगतात की सूर सुधारला. तुमचा 'खरा' गांधार लावला तर ट्रॅकवर मी बेसूरच ठरेन. आणि तुमचा तंबोरा तरी कुठे लाकडाचा आहे, मोबाइलमधलाच ना? शिक्षकांना ॲपची भीती वाटते ती फीसाठी. तीन-चार गाण्यांनंतर घसा बसतो एवढीच अडचण आहे, ती वयाची."

फीचं आधी उरकते. ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत दोन खोल्यांत माझा क्लास चालतो आणि बाहेर थांबलेल्यांच्या चपलांवरून शेजाऱ्यांशी भांडणं होतात. विद्यार्थी कमी झाले तर निदान ती भांडणं तरी मिटतील. पुढे जाऊ.

गांधाराच्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे, आणि मूळ लेखात मी चुकले. चूक गणिताची नव्हती, सरसकट विधानाची होती. गणित असं. 'सा'पासून वरच्या 'सा'पर्यंतच्या एका सप्तकाचे 1200 सारखे भाग, म्हणजे सेंट, धरले, तर पेटीवर आणि कीबोर्डवर शुद्ध गांधार षड्जापासून (म्हणजे 'सा'पासून) बरोबर 400 सेंटवर असतो, कारण तिथे सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असतात. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गांधार साधारण 386 वर असतो. फरक 14 सेंटचा. तुमचा षड्ज काळी एक (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी) धरला, म्हणजे सेकंदाला सुमारे 138.6 कंपनं, तर तंबोऱ्याचा गांधार 173.3 ला येतो आणि पेटीचा 174.6 ला. एवढ्याशा फरकाने काय होतं, असं वाटेल. पण तंबोऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सुराच्या, तारेत तो गांधार दडलेलाच असतो. त्याच्यासमोर पेटीचा गांधार धरला की सेकंदाला दोन-तीनदा आवाज हेलकावतो, पाण्यात नाव डुलावी तसा. कान शांत होत नाही. भूप राग गाणाऱ्याला हे एकदा ऐकू आलं की पुन्हा विसरता येत नाही.

पण तुम्ही भूप गात नाही. तुम्ही ट्रॅकवर गाता. ट्रॅकमधला कीबोर्ड, गिटार, बेस, सगळे त्या बारा सारख्या तुकड्यांवरच चालतात. तिथे 386 वर गांधार लावलात तर गाणं सतत किंचित उतरलेलं वाटेल, कणसूर वाटेल. ट्रॅकपुरतं 400 बरोबर आणि तुमचं ॲपही बरोबर. हा वाद काही आज सुरू झालेला नाही. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये पेटीला दार बंद केलं आणि ते 1971 पर्यंत बंदच राहिलं. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) काढता येत नाही आणि स्वर सारख्या तुकड्यांचे, ही त्यातली दोन मोठी कारणं होती. महाराष्ट्रात मात्र गोविंदराव टेंबे या पेटीवादकाची पेटी ऐकायला लोक जीव टाकत. पुढे डॉ. विद्याधर ओकांनी 22 श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरभेदांची, पेटी केली, तीही याच दुखण्यावरचा इलाज म्हणून. तेव्हा "पेटी बंद करा" हे माझं वाक्य मी मागे घेते. त्याऐवजी एवढंच म्हणते, की आज ट्रॅकवर गायचंय की तंबोऱ्यावर, हे आधी ठरवा आणि त्या दिवशी त्यालाच कान द्या. दोन्ही गांधार एकाच तासात घोटायला गेलात तर दोन्ही बिघडतात, हे मी विद्यार्थ्यांत पाहिलंय.

तंबोऱ्याबद्दलही तुम्ही पकडलंत. घरी मिरजेचा तंबोरा आहे, पण पावसाळ्यात जवारी (तारांचा गुंजारव) बसते आणि खुंट्या सरकतात, मग क्लासला मोबाइलच लावते. फक्त तो मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर वाजवू नका. एवढ्याशा स्पीकरला खालचा आवाज झेपत नाही, खर्जाची तार पातळ ऐकू येते आणि मग नुसती टिणटिण उरते. थोडा मोठा स्पीकर जोडला की फरक कळतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. तुमच्या प्रतिक्रियेतलं शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, की तीन-चार गाण्यांनंतर घसा बसतो. मला तेच वाक्य सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हिरव्या रेघेच्या अभिमानापेक्षा कितीतरी जास्त.

तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये धृपद (मुखडा) छान आहे. शब्द स्वच्छ आहेत, लयीत आहात, उगाच थरथर काढत नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटच्या अक्षराला सूर खाली घसरू लागतो आणि तुम्ही लगेच तो सावरता. सावरता कसा, तर जोर देऊन. आवाज एकदम मोठा होतो आणि सूर वर येतो. असं का होतं, ते सांगते. घशात स्वरतंतूंची जोडी असते, फुप्फुसातली हवा त्यांच्यामधून जाते आणि ते एकमेकांवर आपटत कंप पावतात. खालून हवेचा दाब वाढवला की आवाज मोठा होतोच, सूरही थोडा चढतो. ओरडणाऱ्या माणसाचा आवाज वर जातो तो त्यामुळेच. म्हणजे ओळीच्या शेवटी तुमची हवा संपत येते, दाब पडतो आणि सूर उतरतो. ॲप दाखवतं की उतरला. तुम्ही गळा आवळून उरलीसुरली हवा जोरात ढकलता. रेघ हिरवी होते. ॲप खूश, तुम्ही खूश. बिल घशाला.

रेघ हिरवी होण्याच्या दोन वाटा आहेत आणि दोन्ही ॲपला सारख्याच दिसतात. एक, पुरेसा श्वास घेऊन सूर सैल गळ्याने धरणं. दुसरी, गळा आवळून त्याच आकड्यावर जाऊन पोचणं. आठ महिन्यांत तुम्ही दुसरी वाट पक्की केलीत अशी मला शंका आहे. ऐकून एवढंच सांगता येतं, म्हणून शंका म्हणते. अंतऱ्यात तार षड्जापाशी, म्हणजे वरच्या 'सा'पाशी, आवाज पातळ आणि टोकदार होतो, त्यावरून शंका जास्त वाटते. आरशासमोर गाऊन बघा. तिथे हनुवटी वर उचलली जात असेल आणि मानेच्या शिरा दिसत असतील तर माझं म्हणणं धरून चाला.

हे मी एवढ्या खात्रीने बोलते कारण याच वाटेने मी स्वतः गेले आहे. तेविसाव्या वर्षी मी ज्यांच्याकडे शिकत होते त्यांचा आग्रह होता की बाईमाणसाने काळी पाचमध्येच गावं, त्याखाली आवाज 'उजळत' नाही. माझी पट्टी काळी तीन, फार तर चार. पण गुरूंना नाही म्हणायचं वय नव्हतं. काळी पाचचा तार षड्ज म्हणजे सेकंदाला 466 कंपनं, तेवढ्या वेळा स्वरतंतू एकमेकांवर आपटणार, आणि मी ते आवळून आपटवत होते. स्पर्धांमध्ये परीक्षक सुराचं कौतुक करायचे. खरंच सांगते, सूर एकदाही हलला नव्हता. त्या काळी ॲप असतं तर माझी रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत हिरवीगार आली असती. एका दिवाळीत आवाज बसला तो बसलाच. सर्दी असेल म्हणून महिनाभर हळद-दूध घेतलं. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून दाखवलं, दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर लहान गाठी. गाणं बंद, मोठ्याने बोलणं बंद. कुजबुजणंही बंद, कारण कुजबुजतानाही घशावर ताण येतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. पुन्हा बरं गायला लागायला वर्ष गेलं.

त्या काळात आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला ग्लासभर पाणी आणि एक स्ट्रॉ दिला होता. स्ट्रॉचं टोक बोटभर पाण्यात बुडवायचं आणि त्यातून 'ऊ' म्हणत हळूहळू सूर वर-खाली न्यायचा. पाण्यात बुडबुडे येत राहतात. तोंडाशी हवा थोडी अडते, त्यामुळे घशावरचा ताण उतरतो, आणि गळा आवळलात तर बुडबुडे तुटक होऊन लगेच चुगली करतात. रसवंतीतून आणलेला जाड स्ट्रॉसुद्धा चालतो. कॅराओकेला जायच्या आधी पाच मिनिटं आणि घरी परतल्यावर पाच मिनिटं, एवढंच करा. हास्यास्पद दिसतं. घरचे हसतील. हसू द्या.

दुसरी गोष्ट पट्टीची. तुम्ही मूळ गाण्याच्याच पट्टीत ट्रॅक लावलाय, पांढरी चार. ज्याने ते गायलं त्याचा गळा तो होता, तुमचा हा आहे. ठाण्या-वाशीत गल्लोगल्ली कॅराओकेचे ग्रुप झालेत आणि सगळीकडे हा एकच हट्ट दिसतो, की मूळ पट्टीत गायलं तरच खरं. ट्रॅक दोन घरं खाली, काळी दोनवर घ्या. कॅराओकेच्या बहुतेक प्लेअरमध्ये ती सोय असते. अंतरा आपोआप सैल होईल आणि निम्मं काम तिथेच होईल.

श्वास कुठे घ्यायचा हे कागदावर गाण्याचे शब्द लिहून खुणा करून ठरवा. तुम्ही तिसऱ्या ओळीत शब्द मध्ये तोडून श्वास घेता आणि दुसऱ्या ओळीत घ्यायला जागा असून घेत नाही. शेवटचं अक्षर येण्याआधी हवा शिल्लक असली पाहिजे, हा सगळा हिशेब तेवढ्यासाठी.

आणि ॲप. फेकून देऊ नका. पण क्रम उलटा करा. डोळे मिटून सूर लावा, चार-पाच सेकंद धरा, बरोबर आहे की उतरलाय हे मनात ठरवा, आणि मग डोळे उघडून रेघ बघा. तुमचा अंदाज आणि रेघ जुळले, तर कान तयार होतोय. तुम्हाला बरोबर वाटलं आणि रेघेला चूक, तर त्या स्वरावर थांबा. गाता गाता रेघ बघत राहिलात तर डोळा कानाचं काम करायला लागतो, आणि ग्रुपमध्ये माइक हातात आला की डोळ्यासमोर रेघ नसते. शिवाय तुम्ही लिहिलंय की ब्लूटूथ इयरफोन वापरता. त्यातून आवाज किंचित उशिरा पोचतो, आणि स्वतःचाच आवाज उशिरा ऐकून गाणं म्हणजे समोरच्या इमारतीवरून परत येणाऱ्या प्रतिध्वनीबरोबर गाणं. तारेचे इयरफोन घ्या, आणि एक कान उघडा ठेवा.

"कानच नसेल तर?" असंही तुम्ही मध्येच विचारलंय. ओळखीच्या गाण्यात कोणी चुकलं की तुम्हाला खटकतं ना? ग्रुपमधल्या त्या गृहस्थांबद्दल तुम्ही जे लिहिलंय (ते मी छापलं नाही) त्यावरून खटकतंच. मग कान आहे. सूर ऐकूच न येणारी माणसं असतात, पण फार थोडी, आणि त्यांना दुसऱ्याचा बेसूरपणा टोचत नाही.

पहाटेच्या खर्जाबद्दल, म्हणजे पहाटे खालच्या सुरांत करायच्या रियाजाबद्दल, दोनच शब्द. झोपेतून उठल्यावर आवाज जड आणि खाली असतो, म्हणून खर्ज तेव्हा सोपा जातो, परंपरेने सांगितलंय त्यात तथ्य आहे. पण आवाज जिथपर्यंत सहज पोचतो त्याच्या खाली दाबून उतरायचं नाही. आणि पहाटे पाचला खर्ज लावायचा असेल तर आधी तुमच्या सोसायटीच्या सभेत विषय मांडा.

घसा बसण्याचं मात्र वयावर ढकलू नका. गायचं आठ-दहा दिवस बंद करूनही आवाज घोगराच राहिला, किंवा दोन-तीन आठवड्यांत सुधारला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन स्वरतंतू बघून घ्या. मी महिनाभर हळद-दूध पीत बसले, ती चूक तुम्ही करू नका.

कोपरखैरण्याहून ठाण्याला थेट लोकल आहे. रविवारी सकाळी क्लासमध्ये कोणीही येऊन ऐकत बसतं, फी लागत नाही. यायचं नसेल तर काळी दोनवरचं रेकॉर्डिंग पाठवा. फक्त त्या वेळी पंखा बंद ठेवा. तुमच्या अंतऱ्याखाली त्याची घरघर षड्जापेक्षा अर्धा सूर खाली लागते, आणि माझा कान सारखा तिकडेच जातो.