‘कायदा आहे, घाबरू नका’ या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय: ‘भ्रष्टाचार दिसला की बिनधास्त तक्रार करा. जागल्यांसाठी २०१४ पासून कायदा आहे. नाव गुप्त राहतं, नोकरीला हात लागत नाही, अमेरिकेसारखं बक्षीसही मिळतं. परदेशात तर जागल्याच्या केसालाही धक्का लागत नाही.’ (जागल्या म्हणजे आपल्याच कार्यालयातला गैरप्रकार उघड करणारा.) पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण तो वाचून जिल्हा परिषदेतला एक तरुण अभियंता तक्रारीचं पाकीट घेऊन माझ्याकडे आला. पाकिटावर डाव्या कोपऱ्यात स्वतःचं नाव, हुद्दा, मोबाइल नंबर, सगळं स्वच्छ अक्षरात. पोटात गोळा आला, म्हणून हे लिहितोय.

‘२०१४ पासून कायदा आहे.’ जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने मंजूर केला आणि मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची सहीही झाली, एवढं खरं. पण केंद्र सरकार राजपत्रात जी तारीख जाहीर करेल त्या दिवसापासून तो लागू होईल, असं त्याच कायद्यात लिहिलंय, आणि दहा वर्षं उलटली तरी ती तारीख आलेली नाही. उलट २०१५ मध्ये दुरुस्ती विधेयक आलं. दहा प्रकारची माहिती उघड करायलाच बंदी घालणारं. ते लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि २०१९ मध्ये लोकसभेबरोबर बारगळलं. म्हणजे तुमच्या साहेबांनी तुमची बदली गडचिरोलीला केली, तर या कायद्याचं एकही कलम तुमच्या कामाचं नाही.

‘नाव गुप्त राहतं.’ इथे मला महामार्ग प्राधिकरणातले अभियंते सत्येंद्र दुबे आठवतात. सुवर्ण चतुष्कोण महामार्गाच्या कामातला गैरप्रकार त्यांनी २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि नाव उघड करू नका अशी विनंती केली. ते पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गया इथे त्यांना गोळी घातली. त्या धक्क्यातून, सर्वोच्च न्यायालयाने कान टोचल्यावर, एप्रिल २००४ चा सरकारी ठराव निघाला. ‘पीआयडीपीआय’ (जनहितार्थ माहिती उघड करणं आणि माहिती देणाऱ्याचं संरक्षण) या नावाने तो ओळखला जातो आणि आज प्रत्यक्षात हाताशी आहे तो हाच. तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाकडे जाते. पाकीट चिकटवून बंद हवं, त्यावर ‘पीआयडीपीआय’ असा ठळक उल्लेख हवा, आणि पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता बाहेर कुठेही नको. तो आत, पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी. मजकुरातही आपण कोण हे कळेल असं काही लिहू नये. पाकिटावर ‘पीआयडीपीआय’ लिहायचं राहून गेलं, तर ती साधी तक्रार ठरते आणि ओळख जपण्याची हमी उरत नाही.

हा ठराव केंद्र सरकारचे कर्मचारी, केंद्रीय उपक्रम, सरकारी बँका यांच्यापुरता आहे. राज्य सरकारची कार्यालयं त्यात येत नाहीत. जिल्हा परिषदही नाही. माझ्यासमोर बसलेल्या मुलाला हे सांगताना जीभ जड झाली.

आणि संरक्षण मागितलं म्हणजे मिळतं असंही नाही. तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांनी पोलीस संरक्षण मागितलं होतं. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. पुढे तपास सीबीआयकडे गेला आणि सीबीआयने तो बंद करण्याचा अहवाल दिला.

‘अमेरिकेसारखं बक्षीस.’ भारतात बक्षीस आहे ते ठरावीक गोष्टींपुरतं: करचोरी, बेनामी मालमत्ता, किंवा शेअर बाजारातलं इनसायडर ट्रेडिंग, म्हणजे कंपनीतली गुप्त माहिती वापरून केलेले व्यवहार. रस्त्याच्या बिलातला घोळ त्यात बसत नाही. अमेरिकेत १८६३ च्या ‘फॉल्स क्लेम्स’ कायद्याखाली सरकारला फसवणाऱ्याविरुद्ध सामान्य माणूस खटला भरू शकतो आणि वसुलीचा १५ ते ३० टक्के वाटा त्याला मिळू शकतो. आपल्या दिनेश ठाकूर यांनी ते जिथे नोकरीला होते त्या रॅनबॅक्सी या औषध कंपनीतली औषधांची खोटी आकडेवारी याच वाटेने उघडी पाडली. २०१३ मध्ये कंपनीने ५० कोटी डॉलर भरायचं कबूल केलं, त्यातले सुमारे ४ कोटी ८० लाख ठाकूर यांना मिळाले. पण अमेरिकेच्या औषध नियामकाला त्यांनी पहिलं पत्र २००५ मध्ये लिहिलं होतं. मधली आठ वर्षं मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही. शिवाय ते पत्र टोपणनावाने होतं. आपल्या २०१४ च्या कायद्यात नाव नसलेली किंवा खोट्या नावाची तक्रार दखलच न घेता बाजूला ठेवायची आहे. खासगी कंपनीचा तर त्यात समावेशच नाही.

‘परदेशात केसालाही धक्का नाही.’ ब्रिटनमध्ये १९९८ चा कायदा आहे, पण नोकरी गेल्यावर दाद मागायची ती रोजगार न्यायाधिकरणात. तातडीचा अंतरिम दिलासा हवा, तर सात दिवसांत अर्ज करावा लागतो. युरोपीय संघाचा २०१९ चा निर्देश मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. तक्रारीनंतर माणसाला काढलं, तर ते सूडाने नव्हतं हे मालकाने सिद्ध करायचं, तक्रारदाराने नाही. हे एक वाक्य आपल्याकडे आलं, तरी कितीतरी लोकांची झोप परत येईल. पण त्यानुसार आपापला कायदा करण्याची डिसेंबर २०२१ ची मुदत तिथल्याही अनेक देशांनी चुकवली. जर्मनीला त्यासाठी मार्च २०२५ मध्ये ३ कोटी ४० लाख युरोंचा दंड झाला.

त्या मुलाला मी तक्रार करू नकोस असं म्हटलं नाही. कुणी लाच मागितली असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे. बाकी प्रकरणासाठी लोकायुक्त. मात्र त्याआधी बिलांच्या झेरॉक्सचा एक संच घराबाहेर, विश्वासातल्या वकिलाकडे ठेव, असं सांगितलं. त्याने तेवढ्यात पाकीट उघडून कागद मोजायला घेतले. एकोणीस होते.