देशावरचा माड आणि जानेवारीच्या दहा रात्री

पाऊस तोंडावर आला की आमच्याकडे नारळाचा एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला सात ठिकाणांहून आला. त्यातला एक तर माझ्या मेव्हण्याने धाडला, जो देवगडला माडांच्या सावलीत वाढलाय आणि ज्याला खरं तर कळायला हवं होतं. मजकूर थोडक्यात असा: "देशावर नारळ येत नाही हा कोकण्यांनी पसरवलेला गैरसमज. आता थंडी पूर्वीसारखी राहिली नाही. खड्ड्यात पाच किलो जाडं मीठ टाका, समुद्राची उणीव भरून निघते. बुटकी जात लावा, तिसऱ्या वर्षी शहाळी. थंडीत पाणी तोडा, रोपाला प्लास्टिक गुंडाळा. एकदा खोड धरलं की माडाला मरण नाही. कॅलिफोर्नियात येतो, मग नाशकात का नाही?" खाली जोडलेले हात आणि कुठल्याशा नर्सरीचा नंबर.

मी निफाड तालुक्यात राहतो. २०११च्या पावसाळ्यात घराभोवती सात माड लावले. आज चार उभे आहेत, दोन नारळ देतात. म्हणजे मेसेज सपशेल खोटा आहे असं मला म्हणता येत नाही, त्याचा अर्धा पुरावा माझ्याच अंगणात उभा आहे. फसगत होते ती त्यामुळेच. माड जगणं वेगळं आणि माडाने नारळ देणं वेगळं. मधलं अंतर ठरतं ते वर्षातल्या आठ-दहा रात्रींवर, आणि नेमकं तेवढंच मेसेज लिहिणाऱ्याने गाळलंय.

आधी समुद्राचं बघू. नारळाला खारी हवा लागते हा समज मेसेजने खोडून काढायच्या ऐवजी मान्यच करून टाकलाय, आणि मग त्यावर मिठाचा तोडगा दिलाय. कर्नाटकातलं तिपटूर समुद्रापासून दीड-दोनशे किलोमीटर आत आणि आठशे मीटरच्या वर उंचीवर आहे. तिथलं गोटा खोबरं देशभर जातं. शेजारचं अरसीकेरेही तसंच. निफाड त्याहून खाली आहे, तेव्हा उंचीचंही कारण पुढे करता येत नाही. फरक कशाचा? तिपटूर तेरा अक्षांशावर, आपण वीसवर. तिकडे जानेवारीच्या रात्रीही पारा बहुधा पंधराच्या आसपास घुटमळतो. आपल्याकडे महिन्याची सरासरीच दहाच्या घरात, आणि सरासरीच्या पोटात काय काय दडलेलं असतं ते पुढे येईलच. समुद्र कोकणातल्या माडाला मीठ देतो म्हणून महत्त्वाचा नाही. तो रात्री ऊब धरून ठेवतो म्हणून महत्त्वाचा आहे.

आता मीठ. ह्यात गंमत अशी की गोष्ट अगदीच निराधार नाही. नारळाला इतर पिकांच्या मानाने क्लोरीन खरंच जास्त लागतं. फिलिपिन्समध्ये समुद्रापासून लांबच्या बागांना मीठ घालून उत्पादन वाढल्याचं शास्त्रज्ञांनीच दाखवलंय. कोकणातही खड्ड्यात मीठ टाकणारी जुनी मंडळी आहेत. पण तिकडची जांभ्याची माती निचऱ्याची आणि वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस. टाकलेलं मीठ दोन पावसाळ्यांत धुऊन जातं. आमच्याकडे काळी चिकण माती आणि पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर. ते मीठ जाणार कुठे? त्यातला सोडियम मातीला धरून बसतो, माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, वर पांढरी पापुद्री येते. हे मी ऐकून सांगत नाही. सातातल्या एका खड्ड्यात मी स्वतः तीन किलो टाकलं होतं. ते रोप मेलं नाही म्हणून जास्त त्रास झाला. तीन वर्षं पात्यांचे शेंडे भाजल्यासारखे करपत राहिले, शेवटी उपटलं. क्लोरीनच द्यायचं तर म्युरेट ऑफ पोटॅश हे खत आहे ना. मोठ्या झाडाला वर्षाकाठी दीड-दोन किलो, दोन-तीन हप्त्यांत विभागून. त्यात जवळजवळ निम्मं क्लोरीनच असतं, आणि पालाश जातो तो वेगळा. शिवाय आमच्या विहिरींचं पाणी मुळातच मचूळ. वरून मीठ कशाला?

"थंडी पूर्वीसारखी राहिली नाही." हे वाक्य लिहिणारा निफाडला हिवाळ्यात मुक्कामाला आलेला नसणार. २०१८च्या डिसेंबरअखेरीस निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा १.८ अंशांवर आला होता. द्राक्षवाले रात्ररात्र बागेत शेकोट्या करून बसले होते, कोणी पहाटे मोटारी चालू करून पाणी सोडत होतं. पुण्याचा नीचांक १७ जानेवारी १९३५चा आहे, १.७ अंश, आणि तो अजून मोडलेला नाही हे खरं. सरासरी तापमान वाढतंय हेही खरं. पण माड सरासरीने मरत नाही. उत्तरेत बर्फ पडला, वारं तिकडून फिरलं, आभाळ निरभ्र झालं आणि रात्री वारा पडला की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. अशा रात्री वर्षात मोजून आठ-दहा. एखाद्या वर्षी दोनच, एखाद्या वर्षी पंधरा.

आणि त्या रात्री गावभर सारख्या नसतात. माझ्याकडे किमान-कमाल दाखवणारे दोन थर्मामीटर आहेत. एक घराच्या दक्षिणेच्या भिंतीपासून दोन हात लांब खांबावर, दुसरा ओढ्याकडच्या खोलगट कोपऱ्यात, तितक्याच उंचीवर. मधलं अंतर ऐंशी-नव्वद पावलांचं. थंड हवा जड, ती पाण्यासारखी उतार धरते आणि खोलगट जागी साचते. निरभ्र रात्री दोन्हींत तीन अंशांचा फरक मी कितीदा तरी वहीत लिहिलाय. नऊ आणि सहा म्हटलं तर माणसाला दोन्ही थंडीच. माडाला मात्र ह्या तीन अंशांनी दैव बदलतं. दहाच्या खाली जितकं जाल आणि जितका वेळ राहाल तितकं नुकसान वाढत जातं, दव गोठलं तर विचारायलाच नको. बाजारात जात कोणती घ्यावी ह्यावर लोक तासभर वाद घालतात आणि रोप मात्र "ओढ्याकाठी पाणी आहे" म्हणून नेमकं सगळ्यात गार जागी लावतात. मीही तेच केलं होतं.

त्यावरूनच "खोड धरलं की मरण नाही" ह्या वाक्याकडे येतो. ओढ्याकडच्या माडाने २०१८पर्यंत खोड धरलं होतं, छातीएवढं. ती डिसेंबरची थंडी गेली, संक्रांत झाली, झावळ्यांवर तपकिरी ठिपके सोडले तर झाड हिरवंगार. फेब्रुवारीत मधला न उमललेला कोंब किंचित कलल्यासारखा वाटला. हाताने धरून जरासा ओढला, तर अख्खा कोंब लोण्यातून सुरी निघावी तसा हातात आला. बुडाला पिवळट लगदा आणि असा वास की हात तीनदा धुतला. खालच्या झावळ्या पुढे चार-पाच महिने हिरव्याच राहिल्या. येणारे-जाणारे म्हणायचे, छान आहे की झाड. झाड कधीच गेलं होतं.

आंब्याचा शेंडा गेला तर खालून फुटवा येतो. माडाला फुटवा नाही. त्याचा सगळा जीव शेंड्यातल्या एका कोंबात, तो गेला की खेळ संपला. मोठ्या झाडाचा थोडा फायदा असतो, नाही असं नाही: शेंडा जमिनीलगतच्या सगळ्यात गार थरातून वर निघालेला असतो, खोडही जाड असतं. म्हणून पहिली चार-पाच वर्षं जास्त धोक्याची. पण थंडीने कोंबाला इजा झाली आणि तिथे पाणी साचलं की कुज शिरते, मग झाडाचं वय विचारत नाही. कोंब निघाल्याचं लवकर लक्षात आलं तर कुजलेला भाग चांगल्या गाभ्यापर्यंत कापून, बोर्डो मलम (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) लावून, वरून पाणी जाणार नाही असं झाकून काही झाडं वाचतात. मला महिनाभर उशीर झाला होता.

"बुटकी जात, तिसऱ्या वर्षी शहाळी." बुटक्या जाती कोकणात, गोव्यात तीन-चार वर्षांत पोय, म्हणजे फुलोरा, टाकतात हे बरोबर. बाणवली ह्या उंच जातीला सहा-सात वर्षं लागतात. पण माड वर्षं मोजत नाही, झावळ्या मोजतो. उबदार हवेत मोठ्या झाडाला महिन्याला साधारण एक झावळी येते आणि प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय. आमच्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारी हे काम जवळजवळ बंद पडतं. मी झावळीच्या देठावर ऑइलपेंटचा ठिपका देऊन मोजलंय: भिंतीजवळच्या माडाला वर्षाला आठ-नऊ, बारा कधीच नाही. कोकणातली तीन वर्षं इथे चार-साडेचार होतात. त्यात बुटक्या जाती ताणाला नाजूक. माझं मत विचाराल तर इथे बाणवलीच लावावी, किंवा फार घाई असेल तर टी बाय डी, म्हणजे उंच आणि बुटक्या जातीचा संकर. प्रताप नावाची जात मी लावलेली नाही, तेव्हा तिच्याबद्दल बोलत नाही.

पण खरी गोम ह्याच्याही पुढे आहे. पोय उघडते त्याच्या अडीच वर्षांहून आधी तिची सुरुवात शेंड्याच्या आत झालेली असते. मादीफुलं धरायची तयारी उघडण्याच्या सहा-सात महिने आधी होते, आणि उघडल्यावर नारळ पिकायला आणखी वर्ष. म्हणजे आज झाडावर दिसणाऱ्या घोसात साडेतीन वर्षांचा हवामानाचा हिशेब असतो. त्या २०१८च्या थंडीनंतर माझे भिंतीजवळचे दोन माड हिरवेच होते आणि मी गावभर सांगत सुटलो की आमच्या माडांना काही झालं नाही. मेच्या सुमारास पोयी उघडल्या. एकीत दोन बोंडं, दुसरीत एकही नाही. आधीच्या पोयींना लागलेली बारकी बोंडं त्याआधीच गळाली होती. जे नारळ टिकले त्यातले काही वांझ निघाले, आत पाणी ना खोबरं. तेव्हा फेब्रुवारीत काढलेला हिरव्यागार माडाचा फोटो हा कशाचाच पुरावा नाही. मेसेजसोबत असाच एक फोटो जोडलेला आहे.

थंडीत पाणी तोडायचा सल्ला बहुधा थंड आणि पावसाळी हिवाळ्याच्या मुलखातून आलाय, जिथे मुळं गार चिखलात कुजतात. आपला हिवाळा कोरडा. ओली माती दिवसा ऊब साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. कोरडी भुसभुशीत माती ते करत नाही. विहिरीचं पाणी पहाटे कोमट लागतं हे कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. थंडीची लाट येणार म्हटलं की संध्याकाळी आळ्यात पाणी द्यावं, शेंड्यात नाही. डबकं मात्र करू नये. प्लास्टिकबद्दल एवढंच सांगतो की माझं पहिलं रोप त्यातच गेलं. रात्री आत दव धरलं, पातं प्लास्टिकला चिकटलं तिथे काळं पडलं, आणि सकाळी दहापर्यंत काढायला विसरलो तर आत भट्टी. चार काठ्या रोवून वर गोणपाट टाकावं, उन्हं वर आली की काढावं. हे रोप कमरेएवढं असेपर्यंतच जमतं.

राहिलं कॅलिफोर्निया. तिथल्या न्यूपोर्ट बीचचा एक माड पामवेड्या लोकांत बराच गाजला होता. तो गाजला जगला म्हणून, नारळांसाठी नव्हे. आणि तिथला हिवाळा आपल्या नेमका उलट: रात्री फार कडक नाहीत, पण दिवसही गारच, त्यात पाऊस, माती आठवडेच्या आठवडे गार आणि ओली. आपल्याकडे पहाटे पाच अंश असले तरी दुपारी अठ्ठावीस होतात. ती दुपारची ऊब आहे म्हणून तर माझे चार उभे आहेत. तेव्हा कॅलिफोर्नियाच्या नावावर ना आशा धरावी ना सोडावी.

ज्यांना नारळ नकोय, नुसती पामची शोभा हवी आहे, त्यांनी तर ह्या फंदात पडूच नये. रॉयल पाम पुण्या-नाशकात रांगेने उभे आहेत. सह्याद्रीतला भेर्ली माड अंगणात देखणा दिसतो, फक्त एकदा वरून खाली फुलत आला की फुलोरा संपल्यावर वाळतो, त्याची मनाची तयारी हवी. आणि शिंदी तर आमच्या ओढ्याकाठी कोणी न लावता उभी आहे. त्याच कोपऱ्यात, जिथे माझा माड गेला. ती थंडी तिने पाहिली, एक पातं काळं पडलं नाही.

परवा शेजारचे नाना तो मेसेज वाचून सहा बुटकी रोपं घेऊन आले. ओढ्याकडच्या बांधावर ओळीने लावायची म्हणत होते, मिठाची गोणीही आणलेली. मी वाद घातला नाही, थर्मामीटरची वही त्यांच्या हातात दिली आणि चहा टाकायला सांगितला. दोन रोपं त्यांनी घराच्या दक्षिणेला लावली, भिंतीपासून दहा-बारा फूट सोडून. चार माझ्या मेव्हण्याकडे देवगडला गेली. मीठ मात्र नानांनी परत केलं नाही, काकूंनी कैरीच्या लोणच्याला घेतलं.