'एक बटण दाबा आणि मोकळे व्हा' म्हणणाऱ्या वाचकास

अनामिक महोदय,

तुमची प्रतिक्रिया एक शब्दही न गाळता प्रसिद्ध केली आहे. शेवटचा तो हसरा चेहरासुद्धा ठेवलाय. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमची फाइल कॉम्पॅक्ट करण्याआधी, म्हणजे फुगलेली फाइल बारीक करण्याआधी, घ्यायच्या काळजीवर मी जो लेख लिहिला, त्याबद्दल तुम्ही म्हणता: "एवढं पुराण कशाला? कॉम्पॅक्ट अँड रिपेअर हे एक बटण आहे. ॲक्सेस आधी नवी फाइल बनवतं आणि सगळं जमलं तरच ती जुनीच्या जागी ठेवतं, त्यामुळे डेटा जाऊच शकत नाही. नवशिक्यांना घाबरवून तज्ज्ञ म्हणून मिरवायची ही जुनी युक्ती आहे." पुढे आणखी तीन मुद्दे आहेत, त्यांच्याकडे येतो.

लेख लांबला हे मान्य. दोन परिच्छेद सहज कापता आले असते. पण 'युक्ती', 'मिरवायची' ही भाषा कशासाठी? मी इथं काही विकत नाही, जाहिरातीही लावत नाही. मतभेद सरळ शब्दांत मांडता येतो. आधीच्या लेखांखाली कित्येकांनी मांडला आहे आणि त्यांच्याशी माझं कधी वाजलेलं नाही.

आता तुमचं ते एक वाक्य. ॲक्सेस आधी नवी फाइल लिहितं, हे बरोबर आहे. माझ्याही लेखात ते आहे, तुम्ही तिथवर पोचला असाल तर. मधेच वीज गेली तर जुनी फाइल बहुतेक वेळा शाबूत राहते, ती याच रचनेमुळे. पण त्यावरून 'डेटा जाऊच शकत नाही' इथवर तुम्ही कुठल्या रस्त्यानं पोचलात? काम अर्धवट राहिलं तर काय, एवढ्याचीच काळजी ही रचना वाहते. काम 'यशस्वी' झालं आणि त्यात काहीतरी गळलं, तर ती काही करू शकत नाही. उलट, गळका माल जुन्या फाइलीच्या जागी जाऊन बसतो आणि ज्यातून गळलेली नोंद कदाचित वाचवता आली असती, ती जुनी फाइलच हातची जाते.

ॲक्सेस ९७ मध्ये कॉम्पॅक्ट आणि रिपेअर या दोन वेगळ्या आज्ञा होत्या. ॲक्सेस २००० पासून त्या एक झाल्या. म्हणजे तुम्हाला फक्त फुगलेली फाइल बारीक करायची असली, तरी तुम्ही दुरुस्तीची परवानगीही देऊन बसता. आणि दुरुस्ती म्हणजे जे वाचता येत नाही ते सोडून देणं, हेही त्यात आलं. जे सोडलं त्याची नोंद एमसिसकॉम्पॅक्टएरर्स नावाच्या टेबलात होते. ते टेबल कधी उघडून पाहिलंय तुम्ही?

मी पाहिलंय, म्हणून बोलतोय. ॲक्सेसच्या फाइली सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. एका ठिकाणी मला बोलावलं ते बिलांचे क्रमांक दुहेरी पडताहेत म्हणून. सगळे फॉर्मच्या कोडवर संशय घेत होते. मी टेबल डिझाइनमध्ये उघडलं, तर बिल क्रमांकापुढची किल्ली गायब, म्हणजे एकच क्रमांक दोनदा पडू न देणारी प्रायमरी कीच नाही! रिलेशनशिप्सच्या खिडकीतली, टेबलं जोडणारी रेषही गेलेली. आधी कुणीतरी तुमच्यासारखंच बटण दाबून मोकळं झालं होतं. बिघडलेल्या फाइलीत एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी झाल्या होत्या, त्यामुळे नव्या फाइलीत त्या किल्लीमागचा युनिक इंडेक्स, म्हणजे दुहेरी क्रमांक न चालणारी सूची, बनेना. मग इंडेक्स वगळून बाकीचं टेबल पुढे आलं. त्रुटीचं वर्णन आणि टेबलाचं नाव, दोन्ही त्या एमसिसकॉम्पॅक्टएरर्समध्ये लिहिलेलं होतं. कुणी पाहिलंच नव्हतं, आणि किल्लीच नसल्यामुळे पुढचे दुहेरी क्रमांक बिनबोभाट आत येत राहिले. नोंदींची संख्या मात्र जुळत होती बरं का.

म्हणूनच नुसती नोंदींची संख्या पाहू नका असं लिहिलं, ज्याला तुम्ही पुराण म्हणता. कॉम्पॅक्टच्या आधी आणि नंतर एकच क्वेरी चालवा: काउंट (नोंदींची संख्या), रकमेच्या रकान्याची बेरीज (सम), आणि मेमो, म्हणजे लांब मजकुराच्या रकान्याच्या (नव्या आवृत्त्यांत 'लाँग टेक्स्ट') लांबीची, म्हणजे लेनची, बेरीज. मेमोचा मजकूर नोंदीबाहेर वेगळ्या पानांवर राहतो आणि तिथला दुवा तुटला की नोंद असूनही मजकूर नसतो. अशी नोंद सापडली तर रिकाम्या नव्या फाइलीत टेबलाचा साचा घ्यायचा आणि अपेंड क्वेरीनं (एका टेबलातल्या नोंदी दुसऱ्यात जोडणाऱ्या क्वेरीनं) वाईट नोंदीच्या अलीकडचं व पलीकडचं आणायचं. समजा ४७११ क्रमांकाच्या नोंदीवर अडतंय, तर आधी आयडी ४७११ पेक्षा लहान, मग मोठा. शेवटी ४७११ चे मेमो सोडून बाकीचे रकाने. हे बटणाला जमत नाही. आणि बटणाऐवजी कोडमधून डीबीइंजिनची कॉम्पॅक्टडेटाबेस आज्ञा वापरली, तर ती वेगळं नाव मागते. जुनी फाइल आपोआप जागेवर राहते. एवढ्या एका कारणासाठी मी ती सुचवली.

आता तुमचे उरलेले तीन मुद्दे. नेटवर्कवरची फाइल कॉपी करत असताना कुणी नोंदी टाकत असेल तर कॉपी अर्धवट येईल, असं तुम्ही म्हणता. अहो, सगळ्यांना बाहेर काढून, फाइल कुणी उघडली आहे हे दाखवणारी .एलएसीसीडीबी ही कुलूप-फाइल नाहीशी झाल्यावरच हात लावायचा, हे काय सांगायला हवं? माझा वाचक तेवढा सुज्ञ आहे. नव्या फाइलीत इम्पोर्ट केल्यावर स्टार्टअपचे पर्याय आणि कोडचे रेफरन्सेस (कोड ज्या बाहेरच्या लायब्रऱ्या वापरतो त्यांची यादी) येत नाहीत, हा तुमचा दुसरा मुद्दा खरा. ते पुन्हा लावावे लागतात. पण त्यानं डेटा जात नाही आणि लेख डेटाबद्दल होता. तिसरा, ॲक्सेस सोडून 'एसक्यूएल सर्व्हर घ्या', म्हणजे सर्व्हरवर चालणारा मोठा डेटाबेस घ्या, या सल्ल्याबद्दल आभार. ज्याची फाइल आत्ता उघडत नाही, त्याला त्याचा फारच उपयोग होईल.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी लिहिलीत तर उत्तर द्यायला बरं वाटेल. आणि लिहायला बसण्याआधी, आजवर बटण दाबून मोकळ्या केलेल्या तुमच्या फाइलींपैकी एखादी उघडा, टेबलं डिझाइनमध्ये पाहा आणि किल्ल्या जागेवर आहेत का ते मोजा.