जास्तीचे चार

मी फक्त एवढंच म्हणालो, "बरोबरच आहे त्याचं." पण म्हणालो ते अंधाऱ्या हॉलमध्ये, दोन हशांच्या मधल्या शांततेत, आणि माझा आवाज मुळातच दूरवर जाणारा. सिनेमाला तोवर मिळाला नव्हता एवढा हशा मला मिळाला. परवाची गोष्ट आहे, अजून कान गरम होतात.

लेकीचं लग्न ठरलंय. तिच्या फिल्म क्लबमध्ये १९९१ चा 'फादर ऑफ द ब्राइड' दाखवणार होते. "बाबा, चल ना, तुझ्यावरच काढलाय." हे आमंत्रण! गेलो. डावीकडे लेक, तिच्यापलीकडे बायको, उजवीकडे एक अनोळखी गृहस्थ.

तर पडद्यावर स्टीव्ह मार्टिन, म्हणजे मुलीचा बाप, सुपरमार्केटमध्ये पावांची पाकिटं फोडत उभा. सॉसेज मिळतात आठाच्या पाकिटात, पाव बाराच्या. वरचे चार पाव त्याला नकोत, म्हणून तो ते उपसून काढतोय. त्याबद्दल त्याला थेट कोठडी. सगळे हसले. आता मला सांगा, बारातून आठ गेले की चार उरतात यात विनोदी काय आहे? त्या माणसाला केकचा आकडा सांगितलाय बाराशे डॉलर. माझी पहिली गाडी एवढ्याची नव्हती, असं तो म्हणतो, तेव्हाही लोक हसतात. बापाने भाव विचारला की हॉलला गुदगुल्या होतात. मी पाहिलं, लेक पडद्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघून हसत होती. म्हणून म्हणालो मी.

उजवीकडचे गृहस्थ माझ्याकडे झुकले. "आपण वधुपिता का?"

मी मान डोलावली.

"वाटलंच. मूळचा सिनेमा पाहिलात? १९५० चा. स्पेन्सर ट्रेसी. त्यात पाव नाहीत."

"असं?"

"ऑस्करचं नामांकन मिळालं त्याला. पावांशिवाय."

मी पडद्याकडे पाहिलं. पण हा इसम एका वाक्यावर थांबणाऱ्यांतला नव्हता. आधी कादंबरी आली, १९४९ ची, एडवर्ड स्ट्रीटरची, आणि हा स्ट्रीटर बँकवाला, "म्हणजे खर्च बघून कोणाच्या पोटात गोळा येणार ते कळलं ना?" मग त्या जुन्या सिनेमातली मुलगी कोण, तर एलिझाबेथ टेलर, वय वर्षं अठरा. त्याच वर्षी मे महिन्यात तिचं खरंखुरं लग्न झालं आणि लग्नाचा पोशाख स्टुडिओने दिला.

"वा! बापाचा तेवढा खर्च वाचला," मी म्हणालो. कुठेतरी संवाद संपवायचा होता.

"वर्षभरसुद्धा टिकलं नाही हो लग्न. जानेवारीत घटस्फोट."

शेजारी माझी नवरीमुलगी बसलेली! माणसाला माहिती असणं वेगळं आणि ती कुठे ठेवायची हे कळणं वेगळं. मी एकदम खोकायला लागलो. पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून मलाच "शूऽऽ" केलं.

तेवढ्यात पडद्यावर बायको कोठडीशी आली. सोडवण्याआधी ती त्याच्याकडून शपथ घेते. वयाला शोभेल असं वागेन, कशाला किती पडले ते सगळ्यांना सांगत सुटणार नाही वगैरे. लेकीच्या डोक्यावरून माझ्या बायकोचा आवाज आला, "ऐकलं ना?"

आणि उजवीकडून हुंदका.

आधी मला वाटलं, हसतायत. पण गृहस्थ चक्क रडत होते. कोठडीच्या प्रसंगाला! मी रुमाल काढून दिला. माणुसकी म्हणून विचारलं, "मुलीचं लग्न नुकतंच झालं का?"

"मुलगी नाही मला. दोन मुलगे." त्यांनी माझ्या रुमालात नाक शिंकरलं. "आता मला सांगा, नवऱ्यामुलाच्या बापाला या सिनेमात काम काय आहे? मोठं घर आणि कुत्री. बस्स. मुलीच्या बापाने येऊन आमचं बँकेचं पुस्तक चाळायचं आणि आमच्या तलावात पडायचं, एवढ्यापुरते आम्ही!"

"पण वरबापाचा तोरा..."

"कसला तोरा? धाकटा लग्न करून गेला त्या रात्री मीसुद्धा बूट काढून खुर्चीत एकटाच बसलो होतो. या स्टीव्ह मार्टिनसारखाच. समोर कॅमेरा नव्हता, एवढंच."

यावर काय बोलणार? मी "हं" म्हणालो.

खरं सांगायचं तर मला या सिनेमाचा राग पावांमुळे आलेला नाही. सुरुवातीला जेवणाच्या टेबलावर मुलगी सांगते की लग्न ठरवलंय, आणि बापाला समोर सहा-सात वर्षांची पोर दिसते, तीच बातमी सांगणारी. तेव्हा मी हळूच डावीकडे पाहिलं होतं. लेक मोबाइलवर पाहुण्यांची यादी तपासत होती. खालून उजेड पडल्यामुळे तिचं नाक अगदी तिसरीतल्यासारखं दिसत होतं. हे कोणाला सांगायची सोय आहे का? त्यापेक्षा "दीडशे माणसं कशाला?" विचारणं सोपं. विचारलं, तर त्याचंच हे लोक सिनेमे काढतात, पुन्हा पुन्हा काढतात. २०२२ मध्ये आणखी एकदा काढला, हे अर्थात उजवीकडूनच कळलं.

शेवटी नवरीमुलगी निघते आणि बाप गर्दीत अडकून निरोपाला पोहोचतच नाही. सगळा खर्च ज्याचा, त्यालाच शेवटचं दर्शन नाही. मग विमानतळावरून तिचा फोन येतो. मी खिशात हात घातला. खिसा रिकामा. रुमाल उजवीकडे, आणि अशा अवस्थेत की परत मागणं शक्य नाही. बाहीने काम भागवलं. नेमके तेव्हाच दिवे लागले.

"बाबा, तू रडतोयस?"

"धूळ आहे इथे."

"काका पण रडतायत," लेक म्हणाली आणि मला ओलांडून त्यांच्याशीच बोलायला लागली. दहा मिनिटं. मी मध्ये उभा, दोघांच्या बोलण्यातला खांब. ट्रेसी, टेलर, आणि बाथटबमध्ये ठेवलेले ते हंस. तिला माझ्याशी सलग दहा मिनिटं बोलून किती दिवस झाले, ते मी मोजलेले नाहीत. मोजले असते तर पुन्हा हशा झाला असता.

गाडीत बसल्यावर मागून आवाज आला, "बाबा, त्या काकांना लग्नाला बोलावलंय मी."

"कोणत्या नात्याने?"

"असेच. किती गोड आहेत! काकूंनापण आणा म्हटलं. आणि मुलगे तेव्हा इकडे असले तर तेही येतील."

बायको म्हणाली, "छान केलंस."

काका, काकू, दोन मुलगे. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. नुसती बोटं मोजली, तीही स्टिअरिंगच्या खाली.