मोफत शस्त्रक्रिया परवडते, मग स्वस्त दही का परवडत नाही?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मुद्देसूद आहे, म्हणून उत्तरही ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सामाजिक उद्योगांचं, म्हणजे समाजाचा प्रश्न सोडवायला धंद्याच्या रीतीने चालवलेल्या उपक्रमांचं, कौतुक करताना मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं एकच नाणं सगळे वाजवतात, पण तो अपवाद आहे. बाकीचे प्रयोग एकतर देणग्यांवर तगतात किंवा गरिबाच्याच खिशात हात घालतात, आणि सरकार मात्र नामानिराळं राहतं.

अरविंद नेहमीच चालेल असा नमुना नाही, हे मान्य. पण तो का चालतो हे पाहिलं, तर कुठे चालणार नाही तेही कळतं. ‘पैसेवाल्यांच्या फीमधून गरिबांची शस्त्रक्रिया’ एवढंच सांगितलं की सगळं श्रेय दयाबुद्धीला जातं. खरी गोम खर्चाच्या रचनेत आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत महाग असतो तो सर्जनचा वेळ, थिएटर आणि उपकरणं. दिवसाला दहा डोळे झाले काय नि चाळीस झाले काय, हा खर्च फारसा हलत नाही. १९७६ मध्ये डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी मदुराईत ११ खाटांवर काम सुरू केलं. पुढे तिथे जी पद्धत बसली ती अशी: थिएटरात टेबलं शेजारी-शेजारी; एका रुग्णाचं काम चालू असताना दुसऱ्याची तयारी परिचारिका करून ठेवतात, सर्जन फक्त वळतो. तपासणी, मोजमापं, समुपदेशन ही कामं खेड्यांतून निवडून दोन वर्षं प्रशिक्षण दिलेल्या मुली सांभाळतात. सर्जनने फक्त सर्जनचंच काम करायचं.

राहता राहिला प्रत्येक रुग्णामागे वाढणारा खर्च. त्यात सगळ्यात जड होतं डोळ्यात बसवायचं आयात केलेलं कृत्रिम भिंग, शंभर डॉलरच्या आसपास. १९९२ मध्ये भिंगं बनवणारी अरविंदची स्वतःची ऑरोलॅब निघाली आणि ते दहा डॉलरच्या घरात आलं. भिंग महागच राहिलं असतं, तर मोफत रुग्णांच्या संख्येबरोबर तोटाही वाढत गेला असता. शिवाय नुसतं ‘मोफत’ म्हणून लोक येत नाहीत, हेही तिथे लवकर कळलं. प्रवास, जेवण, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज, हे सगळं रुग्णाच्याच माथी असतं. म्हणून शिबिरातून बसने नेणं-आणणं आणि जेवण हेही उपचाराच्या खर्चातच धरलं गेलं.

आता बांगलादेशातलं ‘शक्ती दोई’ घ्या. गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या बँकेचा ‘ग्रामीण’ समूह आणि दूधपदार्थ बनवणारी फ्रेंच कंपनी दानोन यांनी २००६ मध्ये बोगरा इथे हा उद्योग उभा केला. मुलांसाठी पोषणद्रव्यं घातलेलं दही, ८० ग्रॅमचा कप ५ टकांना (टका हे तिथलं चलन). २००८ मध्ये दुधाचे भाव भडकले, कप ८ टकांवर गेला आणि खेड्यांतली विक्री कोसळली. दारोदार विकणाऱ्या बायकांना कमिशन सुटेना, त्यांनी काम सोडलं. मग कप ६० ग्रॅमचा करून ६ टकांना आणला आणि शहरी बाजार धरावा लागला. हेतू दोन्हीकडे चांगलाच होता. फरक एवढाच, की दह्याच्या प्रत्येक कपात दूध घालावंच लागतं. कितीही कप विकले तरी त्यातलं दूध स्वस्त होत नाही. जिथे प्रत्येक नगामागचा खर्च मोठा, तिथे श्रीमंत गिऱ्हाइकाच्या जिवावर गरिबाला सवलत देणं फार काळ झेपत नाही. तुमचा ‘अपवाद’ हा शब्द मी इथेच मान्य करतो.

देणग्यांबद्दल बोलायचं तर तुम्ही ‘प्लेपंप’चं नाव घ्यायला हवं होतं. मुलांनी गोल चक्र फिरवायचं, त्यावर पाणी उपसलं जाणार. दक्षिण आफ्रिकेतून निघालेली ही कल्पना देणगीदारांना भारी आवडली. एक पंप २,५०० लोकांना पुरेल, असा दावा होता. माणशी १५ लिटर धरलं तरी दिवसाला ३७,५०० लिटर झाले. पंपाची क्षमता ताशी १,४०० लिटर, तीही चक्र न थांबता मिनिटाला १६ फेरे फिरलं तर. भागाकार करा: मुलांनी दिवसाचे जवळपास २७ तास खेळायला हवं! प्रत्यक्षात बायकाच ते चक्र ढकलत राहिल्या. दुरुस्तीचा पैसा टाकीवरच्या जाहिरातींतून येणार होता, पण आडगावात फलक भाड्याने घेणार कोण? पंप बिघडला की बंदच. पाणी भरणाऱ्याचा आणि पंपाचे पैसे देणाऱ्याचा एकमेकांशी संबंधच नसेल, तर तक्रार ऐकायला कोणी उरत नाही.

गरिबाच्या खिशाबद्दल मात्र तुमच्याशी वाद नाही. आंध्र प्रदेशात सूक्ष्म कर्जाचा, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देण्याचा, धंदा एकाच घराला तीन-चार कर्जं चिकटवत वाढला. २०१० च्या ऑक्टोबरात सरकारने अध्यादेश काढून साप्ताहिक हप्ते मासिक करायला लावले, तेव्हा वसुली ढासळली.

आणि सरकार नामानिराळं राहतं, हे तर अरविंदच्या बाबतीतही खरं नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून स्वयंसेवी रुग्णालयांना मोफत शस्त्रक्रियांसाठी दर शस्त्रक्रियेमागे अनुदान मिळतं. म्हणजे सरकार इथे गिऱ्हाईक आहे. म्हणून अशा कुठल्याही संस्थेचा ताळेबंद हाती आला, तर सरकारकडून अनुदानाची येणे बाकी (मंजूर पण हाती न आलेली रक्कम) किती आणि ती रखडली तर मोफत विभाग किती महिने चालेल एवढी शिल्लक आहे, हे आधी पाहा. नफ्याचा आकडा नंतर.