घाटात गिअर उशिरा पडतात आणि ऑइल बदलून फरक नाही: १ स्टार रिव्ह्यूला गॅरेजचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. थोडक्यात तुमचं म्हणणं असं की गणपतीला पुण्याहून गावी आलात, सात सीटर ऑटोमॅटिक डिझेल गाडी चढाला गिअर उशिरा टाकते म्हणून चिपळूणला आमच्याकडे दाखवलीत, आम्ही गिअरबॉक्सचं ऑइल बदलून बिल लावलं आणि परत जाताना कुंभार्ली घाटात गाडीने तोच त्रास दिला. वर पुरातली गाडी आहे का असं विचारून आम्ही तुम्हाला घाबरवलं. आणि पुण्यातला एकजण म्हणाला की ट्यूनिंग बॉक्स लावला असता तर एका तासात काम झालं असतं. गाडीत लहान मुलं, आईवडील, पाऊस, मागून ट्रक हॉर्न देतोय आणि गाडी ओढत नाही, यात जीव किती टांगणीला लागतो ते मला कळतं, घाटाच्या पायथ्याशी गॅरेज आहे, अशा गाड्या रोज येतात. म्हणूनच सविस्तर लिहितोय, तुमच्यासारखी गाडी असलेल्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

आधी पुराचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा इथल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या आणि नंतर त्यातल्या काही धुऊनपुसून बाहेरगावी विकल्या गेल्या. तुमची गाडी सेकंड हँड आहे, म्हणून विचारलं, आणि आम्ही ते प्रत्येकाला विचारतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटवर कागदासारखं फ्रिक्शन मटेरियल चिकटवलेलं असतं, ऑइलमध्ये पाणी गेलं की ते फुगून सुटायला लागतं आणि मग नुसतं ऑइल बदलून काही होत नाही, बॉक्स खोलावाच लागतो. पाणी गेलेलं ऑइल गुलाबी दुधासारखं दिसतं. तुमचं काळपट तपकिरी होतं, जुनं झालेलं पण पाणी नाही. गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं चेंबर उतरवल्यावर आतलं, लोखंडाचे कण पकडणारं मॅग्नेट तुमच्या हातात दिलं होतं आठवत असेल, त्यावर बारीक राखाडी चिखलासारखा थर होता, बोटाला लागला की पुसला जाणारा. तो नेहमीच्या झिजेचा असतो. त्यात चकाकणारे कण किंवा धातूचे तुकडे असते तर मी त्याच वेळी सांगितलं असतं की दादा खर्च मोठा आहे. नव्हते.

मग ऑइल का बदललं? गाडी ९० हजारच्या वर चाललेली, ऑइल एकदाही बदललेलं नाही, कारण सर्व्हिस सेंटरला तुम्हाला सांगितलं होतं की हे लाइफटाइम असतं. झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किमी किंवा ८ वर्षं, यात बदला. आणि आपल्याकडे तर घाट, उकाडा, भरलेली गाडी, हे सगळं ऑइल तापवणारंच. एकदा ड्रेन केलं की अर्ध्याच्या आसपासच बाहेर येतं, बाकी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि कूलरच्या पाइपात राहतं, म्हणून आपण दोनदा काढून भरलं, बिलात ऑइल जास्त दिसतंय ते त्यामुळे. मशीनने प्रेशर देऊन फ्लश मी जुन्या बॉक्सला करत नाही, तळाची घाण वॉल्व बॉडीत, म्हणजे ऑइलचं प्रेशर क्लचकडे सोडणाऱ्या भागात, जाऊन बसायची भीती असते. लेव्हलसुद्धा अंदाजाने नाही, स्कॅनरवर ऑइलचं तापमान बघून कंपनीने दिलेल्या डिग्रीला केली, गरम झालं की ऑइल फुगतं आणि लेव्हल चुकते. सकाळी थंड गाडीला पहिल्यातून दुसऱ्यात जाताना जो झटका बसायचा, जी तुमची दुसरी तक्रार होती, ती या कामाने जायला हवी. गेली का, ते रिव्ह्यूत लिहिलेलं नाही, मला खरंच जाणून घ्यायचंय.

आता मुख्य गोष्ट, घाटातली. काम झाल्यावर पोफळीच्या बाजूला चढाला ट्रायल घेतली तेव्हा गाडी तुम्हीच चालवत होतात आणि आमचा मुलगा बाजूला स्कॅनर घेऊन बसला होता. लॉकअप लागल्यावर, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर आतून लॉक होऊन इंजिन गिअरबॉक्सला थेट जोडलं गेल्यावर, इंजिनचे आणि टर्बाइनचे (कन्व्हर्टरची गिअरबॉक्सकडची बाजू) आरपीएम बरोबर एकसारखे येत होते, म्हणजे स्लिप नाही, काही घसरत नाही, गिअर बदलतानाही आरपीएम उडत नव्हते. गिअरबॉक्स आपलं काम करत होता. पण इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचं प्रेशर बघा, इंजिन मागतंय तेवढं मिळतच नव्हतं, पाय दाबला की आकडा मागेच राहायचा. मग बोनेट उघडून इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) हवेचा रबरी पाइप बघितला तर क्लिपखाली काळं तेलकट ओलं, आणि पाइप हाताने वाकवला की फट उघडायची. नुसतं बघून दिसत नाही ती. होतं काय, की गाडी ओढत नाही म्हणून तुम्ही ॲक्सिलरेटर अजून दाबता, गिअरबॉक्सला वाटतं की ड्रायव्हरला ताकद हवीय, तो खालचा गिअर टाकतो आणि धरून ठेवतो, इंजिन ओरडतं आणि गाडी तिथेच. आत बसलेल्याला वाटतं गिअर उशिरा पडला. फुटक्या पाइपाने माडाला शिंपणं घालताना पंप कितीही जोरात चालवला तरी आळ्यात पाणी पोचत नाही, तसंच.

हे त्याच दिवशी सांगितलं होतं, पाइप आमच्याकडे नव्हता, मागवावा लागणार होता, तुम्ही म्हणालात आता सणाचं राहू दे नंतर बघू, आणि जॉब कार्डवर तसं लिहून खाली तुमची सही आहे. शिवाय ऑइल बदलल्यावर आपण गिअरबॉक्सचं ॲडॅप्टेशन रिसेट केलं, म्हणजे क्लच किती वेळात भरतो, किती प्रेशर लागतं हे कंप्युटरने जे शिकून ठेवलेलं असतं ते पुसून तो पुन्हा शिकायला लागतो. ते हलक्या पायाने सपाट रस्त्यावर, सगळे गिअर वरखाली होतील असं चालवल्यावर जमतं, म्हणून काही दिवस गावातच फिरवा असं म्हटलं होतं. सुट्टी संपली, तुम्हाला निघावं लागलं, हे समजू शकतो. पण सात माणसं, टपावर सामान, एसी चालू, इको मोड चालू आणि समोर कुंभार्ली, यात ती गाडी कुणाच्याही हातात जडच वाटली असती.

ट्यूनिंग बॉक्सबद्दल मात्र स्पष्ट बोलतो, तो आम्ही लावत नाही आणि तुम्हीही लावू नका. तो सेन्सरचा सिग्नल फिरवून इंजिनला जास्त जोर काढायला लावतो, पण गिअरबॉक्सच्या कंप्युटरला तो जोर दिसतच नाही, त्याला वाटतं नेहमीएवढाच टॉर्क येतोय आणि तो क्लचला तेवढंच प्रेशर देतो. मग क्लच घसरायला लागतो. आज धडधाकट असलेला बॉक्स असा खराब होताना मी बघितलाय आणि तो खर्च फार मोठा असतो. पेडलला जो बूस्टर लावतात त्याने तर गिअर बदलायच्या वेगात काहीच फरक पडत नाही, थोडं दाबलं तरी जास्त दाबल्याचा सिग्नल जातो एवढंच. आणि तुमच्या फुटक्या पाइपाला हे दोन्ही लावलं असतं तरी हवा बाहेरच गेली असती.

पाइप बदलेपर्यंत घाटात इको मोड बंद ठेवा, लिव्हर मॅन्युअलला घेऊन चढायच्या आधीच दुसरा किंवा तिसरा टाका आणि तिथेच धरा, वळणाच्या मध्यावर जोरात दाबून किकडाउनची, म्हणजे गिअर आपोआप खाली पडायची, वाट बघू नका. उतारालाही डी वर नुसता ब्रेक धरून उतरू नका, मॅन्युअलला खालच्या गिअरमध्ये उतरा. एअर फिल्टर पुण्यात कुठेही बघून घ्या, आपल्याकडच्या तांबड्या धुळीने तो लवकर भरतो, तुमचा बऱ्यापैकी होता पण बदलायला आलाच आहे.

तुमच्या गाडीचा पाइप मी मागवून ठेवलाय. दिवाळीला याल तेव्हा आणा, किंवा पुण्यातच करायचा असेल तर जॉब कार्डच्या नंबरवर फोन करा, पार्ट नंबर आणि ट्रायलच्या वेळचे स्कॅनरचे फोटो व्हॉट्सॲप करतो, तिथल्या मेकॅनिकला दाखवा. इथे आलात तर लेबर घेणार नाही, फक्त पाइपाचे आणि क्लिपांचे पैसे, आणि बसवल्यावर तुम्ही, मी आणि स्कॅनर, तिघं मिळून घाटात वरपर्यंत जाऊन येऊ, गाडी भरलेलीच घेऊन या.